भाचीने शपथ घातलीय, आता काय करू?

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. १४ वर्षांची भाची, ऐन उकाड्यात पण लांब बाह्या, तू सहज हात धरलास तर झटकन ओढून घेतला, मग रडत रडत सांगितलं की ती स्वतःला इजा करते, आणि वर शपथ घातली की मावशी, आईला कळता कामा नये. आता ताईला सांगू की शपथ पाळू, आणि ही पोरगी नाटक तर करत नाहीये ना, असं विचारलंयस.

आधी त्या नाटक शब्दाचंच बघू, मला त्याचा भयंकर राग येतो. लक्ष वेधायचं असतं तर एवढे दिवस बाह्या कशाला ओढल्या असत्या तिने? बरीच मुलं स्वतःला इजा करतात ती मरण्यासाठी नाही, आत जे असह्य झालेलं असतं ते कसंतरी थांबावं म्हणून. थांबत काहीच नाही, त्रास तिथेच राहतो आणि वर लपवायचं ओझं. पण मरायचं नाहीये ना मग ठीक, असं समजून गप्प बसू नकोस, अशा मुलांना पुढे आत्महत्येचा धोका जास्त असतो.

म्हणून तिला सरळ विचार, "तुला मरून जावंसं वाटतं का गं?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येतो असं सगळ्यांना वाटतं पण तसं होत नाही, यावर बरेच अभ्यास झालेत. समोर बसवून चौकशी केल्यासारखं नको, दोघी चालत असताना वगैरे विचार. आणि मग गप्प राहा, जे मला अजूनही नीट जमत नाही. "तुला काय कमी आहे" हे तर चुकूनही नको.

शपथ मोडायची, पण तिच्या पाठीमागे नाही. "हे मला एकटीला पेलणार नाही, तू सांगतेस, मी सांगू का दोघी मिळून सांगायचं?" असं म्हण. चिडेल, महिनाभर बोलणार नाही कदाचित, चालेल. ताईला मात्र बजाव की आरडाओरडा नको, रोज हात तपासणं नको, घरातली औषधं नि धोक्याच्या वस्तू कुलपात ठेव आणि मानसोपचारतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घे. डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) नावाची, असह्य भावना सांभाळायला शिकवणारी थेरपी यावर वापरतात, ती तयार करणाऱ्या मार्शा लिनेहान यांनी २०११ साली जाहीर सांगितलं की लहान वयात त्या स्वतःच यातून गेल्या होत्या. भाचीला हे कधीतरी सांग, भाषण न देता.

ती जर म्हणाली की हो, मरायचंय आणि ठरवलंय, किंवा जिवापाड जपलेल्या वस्तू वाटायला लागली, तर तिला क्षणभर एकटं सोडायचं नाही, सरळ हॉस्पिटल. भारतात असशील तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आत्ताच सेव्ह कर, सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीत पण बोलतात. आणि फोन तू स्वतःसाठी केलास तरी चालतं बरं का, तूही आठवडाभर झोपली नाहीयेस.