सरकारी वकिलांच्या मागची खुर्ची

प्रश्न : नोव्हेंबर २०२४ मध्ये माझ्या धाकट्या भावावर कोयत्याने हल्ला झाला आणि त्याचा उजवा हात कायमचा निकामी झाला. फिर्याद मी दिली आहे. खुनाच्या प्रयत्नाचा हा खटला सत्र न्यायालयात असून लवकरच साक्षी सुरू होतील. आतापर्यंत दोनदा सरकारी वकील बदलले. नव्या वकिलांना भेटायला गेलो, तर ते म्हणाले, "मी तुमचा वकील नाही." मग आमची बाजू मांडायची कोणी? आम्ही स्वतःचा वकील देऊ शकतो का?

उत्तर : सरकारी वकिलांचे वाक्य तोडून टाकल्यासारखे वाटले असेल, परंतु कायद्याच्या दृष्टीने ते चुकीचे नाही. फौजदारी खटला राज्य विरुद्ध आरोपी असा चालतो आणि सरकारी वकील राज्यातर्फे उभे राहतात. काहीही करून शिक्षा मिळवणे हे त्यांचे काम नव्हे, आरोपीला अनुकूल असलेली बाबही त्यांनी न्यायालयापासून लपवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या निकालात स्पष्ट केले आहे. तरीही तेच वाक्य थोड्या आपुलकीने सांगता आले असते, एवढे मात्र मी त्या खुर्चीत काही वर्षे बसलेला माणूस म्हणून म्हणेन.

तुम्ही वकील जरूर देऊ शकता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम १८(८) नुसार न्यायालयाच्या परवानगीने पीडिताला अभियोग पक्षाच्या, म्हणजे सरकारी बाजूच्या, साहाय्यासाठी आपल्या पसंतीचा वकील नेमता येतो. मात्र 'साहाय्यासाठी' या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. कलम ३३८ प्रमाणे तुमचे वकील सरकारी वकिलांच्या निर्देशानुसार काम करतील आणि पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतील. साक्षीदारांना प्रश्न विचारणे, त्यांचा उलटतपास घेणे आणि तोंडी युक्तिवाद करणे त्यांच्या अधिकारात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रेखा मुरारका प्रकरणात २०१९ मध्ये ठरवले. परंतु एखादा महत्त्वाचा प्रश्न राहून गेला आणि सुचवूनही सरकारी वकिलांनी तो विचारला नाही, तर तुमचे वकील ती बाब न्यायाधीशांच्या निदर्शनास आणू शकतात, कारण साक्षीदाराला स्वतः प्रश्न विचारण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. वकील नेमण्याचा आणखी एक लाभ असा, की कलम २३० नुसार दोषारोपपत्र व सोबतची कागदपत्रे आरोपीप्रमाणेच वकिलामार्फत हजर झालेल्या पीडितालाही विनामूल्य मिळतात. आरोपीचे वकील पान न् पान वाचून येतात आणि ज्याचा हात गेला त्याच्या घरच्यांनी ते कागद पाहिलेलेही नसतात, ही विषम स्थिती यामुळे बरीच कमी होते.

आता जे कलमात लिहिलेले नाही, त्याबद्दल. सरकारी वकील बदलले की नव्या माणसाला फाइल पहिल्या पानापासून वाचावी लागते, आणि त्या दिवशीच्या बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, तुमचा एकच खटला नसतो. म्हणून तुमच्या वकिलांकडून एका पानाचे टिपण करून घ्या : घटनाक्रम, कोणता साक्षीदार कशासाठी, आणि दुखापत प्रमाणपत्र, जप्ती पंचनामा व रासायनिक विश्लेषणाचा अहवाल दोषारोपपत्राच्या कोणत्या पानावर आहे. त्याच टिपणात साक्षीदारांचे सध्याचे पत्ते आणि भ्रमणध्वनी क्रमांक लिहा. पंचाने घर बदलले, उपचार करणाऱ्या डॉक्टरांची बदली झाली आणि समन्स बजावणीविना परत आले, एवढ्यावर तारखांमागून तारखा जातात. हे टिपण साक्षीच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी द्या.

साक्षीपूर्वी सरकारी वकिलांना भेटण्यात आणि स्वतःचा पोलिसांसमोरचा जबाब वाचण्यात गैर काही नाही. गैर आहे ते पढवून घेणे. उलटतपासात बहुधा विचारले जाते, "सरकारी वकिलांनी तुम्हाला जबाब वाचून दाखवला का?" साक्षीदार घाबरतो आणि "नाही, आमची भेटच झाली नाही," असे सांगून बसतो. ते खोटे दोन प्रश्नांत उघडे पडते आणि मग त्याच्या खऱ्या साक्षीवरही सावट येते. "होय, भेटलो, जबाब वाचला," हे उत्तर पुरेसे आहे. तुम्ही फिर्यादी म्हणून साक्षीदार असल्यामुळे तुमची साक्ष होईपर्यंत इतरांच्या साक्षी ऐकत न्यायकक्षात बसू नका. घरातील साक्षीदार नसलेल्या व्यक्तीला बसवा.

आरोपी निर्दोष सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा नुकसानभरपाई अपुरी दिली गेली, तर पीडिताला कलम ४१३ नुसार स्वतः अपील करता येते. शासनाच्या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. हाताच्या उपचार व पुनर्वसनासाठी कलम ३९६ खालील, म्हणजे शासनाच्या पीडित भरपाई योजनेतील, भरपाईचा विषय वेगळा आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आताच चौकशी करा.

प्रश्न : याच खटल्यात आरोपीचे नातेवाईक घरी येऊन "साक्ष फिरवा" म्हणून दम देत आहेत. पोलीस ठाण्यात तोंडी सांगितले, पण उपयोग झाला नाही.

उत्तर : तोंडी सांगणे थांबवा. तारीख, वेळ, कोण आले आणि नेमके कोणते शब्द वापरले, हे लिहून पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. त्याची प्रत सरकारी वकिलांना द्या. आरोपी जामिनावर असेल तर जामीन रद्द करण्याच्या अर्जाला हाच कागद आधार ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेनुसार जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे संरक्षणासाठी अर्जही करता येतो. जिल्ह्यातील अभियोग विभागाचे प्रमुख या समितीचे सदस्य सचिव असतात आणि अर्ज त्यांच्यामार्फतच जातो. अर्ज आल्यावर पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो आणि सुनावणी गोपनीय राहते. तातडीची भीती असेल तर अर्जातच तसे स्पष्ट लिहा, म्हणजे अंतिम निर्णयापूर्वी अंतरिम संरक्षण देता येते.