‘मास इफेक्ट’ या अंतराळातल्या व्हिडिओ गेम-मालिकेचा पहिला भाग वगळून थेट दुसऱ्या भागापासून खेळायला सुरुवात केली, तर काही बिघडते का?

बिघडते, आणि चांगलेच बिघडते. ‘पहिला भाग म्हणजे निव्वळ लिफ्टमध्ये उभे राहणे’ असे माझा मावसभाऊ गेली कित्येक वर्षे घरच्या प्रत्येक कार्यात ऐकवत आला आहे. त्यामुळे हे उत्तर थोडे त्यालाही उद्देशून आहे.

दोष आहेतच. 2007 सालच्या मूळ आवृत्तीत सिटाडेल या अंतराळस्थानकावरील लिफ्ट संपता संपत नसे, माको ही सहाचाकी गाडी डोंगरउतारावर चेंडूसारखी उसळे आणि ओसाड ग्रहांवरील तळांमध्ये खोक्यांची मांडणी तेवढी बदललेली असे. 2021 च्या लेजेंडरी एडिशन या सुधारित आवृत्तीत लिफ्टचा वेळ घटला, माकोही बरीच ताळ्यावर आली. तळ मात्र तसेच राहिले.

आमचे वाजले ते व्हरमायर या ग्रहावरच्या प्रसंगावरून. (कथानक आधी कळू नये असे वाटत असल्यास पुढचे वाचू नये.) क्रोगन या परग्रहवासी जमातीची बहुतेक संतती जन्मण्याआधीच मारणाऱ्या जेनोफेज या जैवअस्त्रावर खलनायक सॅरेनच्या तळात इलाज तयार होत असतो आणि नेमका तोच तळ उद्ध्वस्त करायचा असतो, साहजिकच आपला क्रोगन साथीदार रेक्स समुद्रकिनाऱ्यावर शॉटगन घेऊन शेपर्डसमोर, म्हणजे आपण खेळतो त्या पात्रासमोर, उभा ठाकतो. मावसभावाने मिळालेला प्रत्येक पॉइंट शस्त्रांवर उधळला होता आणि रेक्सच्या घराण्याचे चिलखत मिळवून देण्याची मोहीमही ‘फालतू’ म्हणून सोडली होती. त्यामुळे रेक्सला समजावण्याची किंवा दरडावण्याची वाक्ये पडद्यावर दिसत होती खरी, पण करड्या रंगात, निवडता न येणारी. दुसरी साथीदार अ‍ॅश्ली हिने गोळ्या झाडल्या, रेक्स वाळूत कोसळला आणि आमचे बंधुराज म्हणाले की गेमने फसवले.

मुळीच फसवले नव्हते. पहिल्या भागात वाक्चातुर्य हेही एक कौशल्य आहे आणि त्यावर पॉइंट खर्च करायचे तर तेवढी नेमबाजी कच्ची ठेवावी लागते. ज्याला बोलण्याची किंमत मोजायची नाही, त्याला ऐनवेळी शब्द सापडत नाहीत, यालाच मी रोल-प्लेइंग म्हणतो. दुसऱ्या भागात ही किंमतच काढून टाकली गेली: पॅरागॉन (सज्जनपणा) किंवा रेनेगेड (दांडगाई) गुणांचा साठा वाढत गेला की गोड बोलणेही आपोआप जमते. शिवाय पहिल्या भागाचा जुना सेव्ह (साठवलेला खेळ) न आणता दुसरा भाग सुरू केला, तर रेक्स मेलेलाच धरला जातो. चित्रकथेतून आधीचे मोठे निर्णय निवडण्याची सोय आहे, पण ती म्हणजे फॉर्म भरणे झाले. तिसऱ्या भागात रेक्सच्या जागी रीव्ह नावाचा उर्मट सरदार पुढे आला, तेव्हा ‘हा कोण उपटला?’ असे विचारायला फोन मावसभावाचाच आला होता.

अर्थात आपल्याला केवळ गोळीबाराचीच हौस असेल, तर दुसरा भाग त्या बाबतीत निर्विवाद सरस आहे. पहिल्यात बंदुका तापून मध्येच बंद पडतात, आणि सुरुवातीला स्नायपर रायफलचा नेम इतका हलतो की समोरचा गेथ हा यंत्रमानव शत्रू सुखरूप निघून जातो.