तिसरा मजला झाला का?

"परदेशातल्या पोरांशी बोलायला लागल्यापासून याला आपलं काहीच आवडेना झालंय, मॅडम." कोल्हापूरच्या राजारामपुरीत मी मुलांचं समुपदेशन करते, त्या केबिनमध्ये हे वाक्य हल्ली वरचेवर ऐकू येतं. शाळा व्हिडिओ कॉलवरून दुसऱ्या देशातल्या वर्गाशी जोडणी करून देते. सुरुवातीला घरी कौतुक, स्टेटसला फोटो. पुढं काही महिन्यांत मूल कॅमेरा बंद ठेवतं, आईला "मधनं जाऊ नको" म्हणतं, घरातल्या पोपडे आलेल्या भिंतीवरून कुरकुर करतं. पालकांचं निदान ठरलेलं असतं. इंग्रजी कमी पडतंय, नाहीतर मोबाइल जास्त झालाय. या निदानांवर उपाय सोपा असतो (क्लास लावा, फोन काढून घ्या), म्हणून ती सगळ्यांना पटतात.

सातवीतल्या एका मुलाबद्दल सांगते. नाव आणि काही तपशील बदललेत. त्याला विशाल म्हणू. घर सुभाषनगरात, पुढच्या खोलीत वडिलांचं चपलांचं काम. शाळेची जोडी पोलंडमधल्या शाळेशी होती. कोल्हापूरला पोलंड तसा परका नाही. दुसऱ्या महायुद्धात रशियातून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यात बायका-मुलंच जास्त, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांच्यानंतर तिथं फाळणीतले सिंधी निर्वासित आले आणि आज आपण कापड घ्यायला जातो ते गांधीनगर उभं राहिलं. महावीर गार्डनमध्ये त्या पोलिश लोकांची आठवण म्हणून स्तंभ आहे. मुलांनी त्यावर प्रकल्प केला, प्रत्येकाला तिकडचा एक जोडीदार मिळाला. प्रकल्प संपला तरी विशाल आणि त्याचा जोडीदार शनिवारी रात्री साडेआठला बोलत राहिले. तिकडं तेव्हा दुपारचे चार वाजलेले असायचे, पण डिसेंबरात खिडकीबाहेर अंधारून आलेलं. पहिल्यांदा विशालला वाटलं, हा गडी वेळ खोटी सांगतोय.

मग एका शनिवारी विशालचं पोट दुखलं. पुढच्या शनिवारी डोकं. त्यानंतर तो कॉलच्या वेळी मित्राकडं अभ्यासाला जायला लागला.

पहिल्या काही भेटींत त्यानं मला फुटबॉल शिकवला. कुठल्या पेठेची टीम यंदा कशी आहे, शाहू स्टेडियमवर कुणी कसा गोल मारला, सगळं. पोलंडचं नाव निघालं की गप्प. मीही घाई केली नाही. मुलाला बोलतं करण्यापेक्षा त्याच्या गप्प राहण्याचा उपयोग काय हे बघावं, असं मी मानते. मानसशास्त्रज्ञ ॲडलर वाचल्यापासून ही सवयच लागलीय. पोट दुखलं की कॉल चुकतो. मग कॉलमध्ये असं काय आहे, जे चुकवायचंय?

एकदा सहज विचारलं, "शेवटी बोलला होतास तेव्हा त्यानं काय विचारलं?"

"बिल्डिंगचं."

"कुठली बिल्डिंग?"

बराच वेळ तो खुर्चीच्या हाताचं रेक्झिन उचकटत बसला. मग एका दमात म्हणाला, "आमच्या शेजारची. त्याला ठोकल्याचा आवाज आला. मी म्हटलं शेजारी बांधकाम चाललंय. आता तो दरवेळी विचारतोय, किती झालं, किती झालं. मी सांगत गेलो. तिसरा मजला झालाय, मॅडम."

मला हसू आवरलं नाही. तो आधी दचकला, मग तोही हसायला लागला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यात सगळंच हसू नव्हतं. आवाज बापाच्या हातोडीचा होता. त्यानं वडिलांच्या हातोडीवर इमारत बांधली होती आणि आता स्लॅब टाकायची वेळ आली होती.

हसणं ओसरल्यावर मी विचारलं, "वर्गातल्या बाकीच्यांचे जोडीदार असं काही विचारतात का, आठवण ठेवून?"

"नाही. ते नुसतं हाय-बाय करतात."

"मग हा का विचारत असेल?"

उत्तर त्यानं दिलं नाही, पण रेक्झिन उचकटायचं थांबलं. मला तिथं गाठ सुटलेली दिसली. पोलंडचा मुलगा त्याला जोखतोय असं धरून तो पळत होता. जोखणारा माणूस दर आठवड्याला मजले मोजत बसत नाही.

वडिलांना कळलं तेव्हा ते तावातावानं म्हणाले, "अहो, आपल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. २०२५ ला तिकडं मिलानच्या फॅशन शोत आपल्यासारखीच चप्पल दिसली म्हणून केवढा गदारोळ झाला. हे सगळं सांगितलंय त्याला. तरी लाज कशाची?" विशालला ते पाठ होतं. अभिमानाचं भाषण लाजेला लागू पडत नाही. उलट आपण लाजतोय याचीही लाज वाटायला लागते.

"कॉल चालू असताना तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"काम बंद ठेवतो की. पोरगं बोलतंय म्हटल्यावर कशाला ठोकायचं? तरी एकदा गडबडीची ऑर्डर होती, चार ठोके पडलेच."

आई म्हणाली, "मी मागं नवी चादर बांधते. आणि चपलेसाठी कातड्याच्या वेण्या घालत असले तर ते उचलून आत नेते."

बघा. घरानं दर शनिवारी साडेआठच्या आधी रापी, आरी, कातडं, अर्ध्या झालेल्या कापशी चपलांच्या जोड्या, सगळं आत सारलं. प्रेमापोटीच. पोरानं त्यातून जे घ्यायचं ते घेतलं: हे दाखवण्यासारखं नाही. असल्या लाजेचं खापर परदेशी मित्रावर फुटतं, पण माझ्याकडं आलेल्या बहुतेक घरांत तिचा उगम कॉलच्या आधीच्या आवराआवरीत सापडलाय. पुढं मी मुलापेक्षा आईवडिलांवर जास्त काम केलं. ते सावकाश झालं. वडिलांना स्वतःच्या लहानपणी शाळेत काय काय ऐकून घ्यावं लागलं, हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. ते इथं लिहीत नाही.

इमारत कशी पाडायची हे विशालनं ठरवलं. त्यानं सरळ सांगितलं, बांधकाम नाही, माझे वडील चप्पल बनवतात. मित्र आधी रुसला. त्यानं म्हणे त्या इमारतीबद्दल घरी सगळ्यांना सांगितलं होतं! मग म्हणाला, दाखव. विशालनं फोन वडिलांच्या हातांवर धरला. चपलेचे कान बसवताना बघून मित्राचे प्रश्न सुटले ते थांबेनात. एका जोडीला वेळ किती, पाणी लागलं तर काय होतं, त्याच्या मापाची होईल का. निम्म्या प्रश्नांची उत्तरं विशालला येत नव्हती. तो बापाला विचारून सांगत होता. या कामाबद्दल वडिलांना त्यानं इतकं कधीच विचारलं नव्हतं, हे वडिलांनीच मला सांगितलं. मुलाला मोठं वाटायला लावायचं असेल तर त्याची स्तुती करण्याऐवजी त्याला कुणाच्या तरी उपयोगी पडू द्या, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलेय. त्या दिवशी मला ते आयतं बघायला मिळालं.

तुमच्या घरी असे कॉल होत असतील तर घर जसं आहे तसं असू द्या. कुकरची शिट्टी झाली तर होऊ द्या. एकदा कॅमेऱ्यासमोर येऊन नमस्कार करा, मराठीत केला तरी चालतो, आणि बाजूला व्हा. लेझीम, नऊवारी, पुरणपोळी शाळेच्या कार्यक्रमात ठीक आहे; दोन मुलांच्या गप्पांत त्याचा आग्रह धरू नका. "तू काय दाखवलंस?" याऐवजी "तू त्याला काय विचारलंस?" असं विचारत जा. घराचा पत्ता, फोन नंबर देऊ नये एवढं मात्र आधीच बजावून ठेवा, आणि शाळेनं जोडून दिलेल्या मुलाखेरीज कुणी मध्येच कॉलवर आलं तर लगेच सरांना कळवा. दुखणं कॉलपुरतं न राहता शाळा बुडायला लागली, जेवण-झोप बिघडली, तर मात्र घरच्या उपायांवर थांबू नका.

आणखी एक, अगदी साधी गोष्ट. युरोपातली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढं जातात. पोलंड आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागं असतो, तेव्हापासून साडेतीन. तिकडचा मुलगा त्याच्या चार वाजता, म्हणजे आपल्या साडेसातलाच येऊन बसतो, कुणी नाही बघून निघून जातो. आपलं पोर साडेआठला येतं आणि मैत्री तुटली असं धरून रडत बसतं. एप्रिलमध्ये अशी दोन-चार मुलं माझ्याकडं येतातच. कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा.