फिटवरचे औषध आणि उंदराच्या रक्तातील ग्लायसीन

प्रश्न : मी औषधनिर्माणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकते. व्हॅल्प्रोएट हे फिटवरचे औषध दिलेल्या पांढऱ्या उंदरांच्या रक्तात व लघवीत ग्लायसीन हे अमिनो आम्ल वाढते, असे वाचनात आले. औषध द्यायचे मेंदूसाठी, मग अमिनो आम्लांचे गणित बिघडते कुठे?

उत्तर : मुख्यतः यकृतात, आणि त्याचे मूळ औषधाच्या घडणीतच आहे. व्हॅल्प्रोइक आम्ल (व्हॅल्प्रोएट हे त्याचेच रूप) हे आठ कार्बनचे, फाटा फुटलेले मेद आम्ल होय. (१८८२ मध्ये तयार झालेले हे आम्ल पुढे निव्वळ द्रावक म्हणून वापरात राहिले. १९६०च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे, त्यात विरघळवलेले निरनिराळे पदार्थ प्राण्यांचे झटके थांबवत आहेत असे दिसले, तेव्हा गुण द्रावकाचाच असल्याचे उमगले.)

यकृत या औषधाला इतर मेद आम्लांसारखेच वागवते, म्हणजे कोएन्झाइम-ए हा मदतनीस रेणू जोडून मोडायला घेते. त्यात पेशीतले कोएन्झाइम-ए अडकून पडते आणि ॲसिटिल-कोएन्झाइम-एची (ॲसिटिल गट जोडलेल्या कोएन्झाइम-एची) चणचण भासू लागते. युरियाचक्राला चालना देणारे एन-ॲसिटिलग्लुटामेट याच्यापासूनच बनते, आणि ते पुरेसे नसेल तर युरियाचक्राचे (अमोनियापासून युरिया बनवणाऱ्या क्रियासाखळीचे) पहिले विकर (एन्झाइम) मंदावते, त्यामुळे अमिनो आम्लांच्या विघटनातून निघणारा अमोनिया रक्तात साचतो. ग्लायसीन मोडणारी चार प्रथिनांची यंत्रणाही, या विकराप्रमाणेच, यकृतपेशींच्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात) असते; औषध तिलाही रोखते, म्हणून न मोडलेले ग्लायसीन रक्तात आणि तेथून लघवीत उतरते. उंदरांच्या मेंदूत गाबा (चेतापेशींना शांत करणारे रसायन) वाढल्याचे आणि ॲस्पार्टेट (त्यांना उत्तेजित करणारे अमिनो आम्ल) घटल्याचेही आढळले आहे, पण तो या औषधाच्या अपेक्षित कामाशी जवळचा भाग झाला.

प्राण्यांवरील आकडे माणसाला जसेच्या तसे लावू नयेत. उंदरांना दर किलोमागे दोनशे मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा सर्रास दिली जाते. माणसाच्या रक्तातील औषध निम्मे व्हायला ९ ते १६ तास लागतात, तर कुत्र्याच्या रक्तातून ते काही तासांतच उतरते. प्रयोगशाळेतली एक चूकही नेहमी आढळते : अमोनियासाठी घेतलेले रक्त बर्फात न ठेवता टेबलावर राहिले, तर नळीतच अमोनिया तयार होतो आणि त्याचे खापर औषधावर फुटते.

ग्लायसीन मोडणारी ही यंत्रणा ज्या बाळांत जन्मतःच सदोष असते, त्यांना झटके येत असूनही व्हॅल्प्रोएट टाळतात, ते याच कारणाने.