ट्रायलमधे चुका झाल्या असतील तर खुनाच्या शिक्षेवर अपील करून माणूस सुटतो का?

भावाला 302 मधे जन्मठेप झालीय, पंच (जप्तीच्या वेळचा साक्षीदार) कोर्टात फुटला, जबाब नीट घेतला नाही, आता एवढ्यावर सुटेल का असं विचारलंयत. मी वकील नाही हो, राजापूरला एका वकिलांकडे 17 वर्षं कारकुनी केली, तेव्हा जे बघितलं ते सांगतो.

पंच फुटणं ही प्रोसिजरची चूकच नव्हे, तो पुराव्याचा मुद्दा, आणि जप्ती पोलिसाच्या साक्षीवरसुद्धा टिकते कधीकधी. नुसती चूक दाखवून कोण सोडत नाही, त्या चुकीने आरोपीवर अन्याय झाला का आणि तेव्हाच हरकत का नाही घेतलीत, हे हायकोर्ट विचारतं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 465, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएस कायद्याचं 511).

तुम्ही आधी 313 चा जबाब काढा, नवीन कायद्यात 351. साक्षी संपल्या की जज आरोपीला एकेक पुरावा सांगून विचारतात, तुमचं म्हणणं काय, आणि आपला माणूस घाबरून 'खोटं आहे', 'माहीत नाही' करत सुटतो. आमच्या एका केसमधे चाळीसेक प्रश्न होते, मी बोटाला थुंकी लावून पानं मोजत होतो आणि साहेब पेन्सिलीने खुणा करत होते, तर गवताच्या उडवीतून काढलेला कोयता आणि त्यावरच्या रक्ताचा सीए (केमिकल अ‍ॅनालायझर, म्हणजे सरकारी लॅबचा) रिपोर्ट, याबद्दल प्रश्नच नाही! अख्खी केस त्या कोयत्यावर, आणि विचारलंच नाही. हायकोर्टाने तो पुरावा बाजूला ठेवला, उरलं काय तर मयताबरोबर शेवटचा दिसला एवढंच. सुटला. शरद बिरधीचंद सारडा केसमधे 1984 सालीच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, आरोपीला न विचारलेली गोष्ट त्याच्याविरुद्ध धरायची नाही. पण दर वेळी असंच होतं असं नाही, कधी कधी केस त्याच टप्प्यावर परत खाली पाठवतात आणि माणूस आत तो आतच, त्यामुळे वकिलाला हा मुद्दा आधीच विचारून घ्या.

अपीलाला 60 दिवस, नकलेला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, आरोपीला निकालाची एक प्रत फुकट मिळते. उशीर झाला तर माफीचा अर्ज जोडतात. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, जेलमधल्या माणसाला वकील फुकट मिळतो. अपीलाबरोबरच शिक्षा स्थगितीचा नि जामिनाचा अर्ज टाका, नाहीतर अपील बोर्डावर, म्हणजे सुनावणीला, येईपर्यंत वर्षं जातात. आणि मुंबई नको आता, 18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गचं काम हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचला गेलंय, अणुस्कुरा चढलात की झालं, फक्त पावसात घाट चालू आहे का बघून निघा.