रशियावर बोलणार आहेस तर

बडोदे, दांडिया बाजार

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

मंडळाच्या कार्यक्रमात तू रशियावर बोलणार आहेस हे कळल्यापासून माझ्या डोक्यात तोच विषय घोळतो आहे. तुझी यादी दोनदा वाचली. मेहनत दिसते, पण वीस मिनिटांत पंचवीस गोष्टी सांगितल्यास तर घरी जाताना लोकांना एकही आठवणार नाही. पाच-सहा निवड, आणि त्यांच्या मुळाशी जा. मोठ्या देशाबद्दलची अचंब्याची गोष्ट 'असं का?' या प्रश्नाला उत्तर देऊ लागते, तेव्हाच ती भूगोल होते.

पहिलीच गोष्ट काढून टाक. रशिया प्लूटोपेक्षा मोठा आहे, हे वाक्य फोनवर सगळीकडे फिरतं. प्लूटोचा आकार नीट ठाऊक नव्हता तोवर ते खपून गेलं. जुलै २०१५मध्ये न्यू होरायझन्स यान प्लूटोजवळून गेलं आणि त्याचा व्यास सुमारे २,३७७ किलोमीटर ठरला. त्यावरून पृष्ठभाग काढलास तर साधारण १ कोटी ७७ लाख चौरस किलोमीटर येतो. रशियाचं क्षेत्रफळ १ कोटी ७१ लाख. तुझं गणित चांगलं आहे, कागदावर करून बघ. नुसतं ऐकलेलं आणि स्वतः पडताळलेलं बोलताना आवाजातला फरक श्रोत्यांना लगेच कळतो.

त्या जागी नकाशाची गोष्ट सांग. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात रशिया आफ्रिकेपेक्षाही मोठा वाटतो. प्रत्यक्षात आफ्रिका ३ कोटी चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे रशियाच्या जवळजवळ पावणेदोन पट. मर्केटर या नकाशाकाराने १५६९मध्ये नकाशाची ही पद्धत काढली ती दर्यावर्दींसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारा मार्ग त्यावर सरळ रेषेत दिसावा, ही त्याची गरज. ती भागवताना ध्रुवांकडचे प्रदेश ताणले जातात, आणि रशिया नेमका तिकडे आहे. कार्यक्रमाला पृथ्वीगोल घेऊन जा. मॉस्को आणि व्लादिवोस्तोक यांच्यामध्ये दोरा ताणून धर. नकाशावरच्या सरळ रेषेपेक्षा तो बराच उत्तरेकडून जाताना दिसेल. हे दाखवायला एक मिनिटही लागत नाही.

आकारानंतर माणसं. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्र आणि गुजरात मिळून १७ कोटींवर लोक होते. रशियाची लोकसंख्या साधारण साडेचौदा कोटी, आणि देश भारताच्या पाचपट. त्यातले तीन चतुर्थांश लोक उरल पर्वताच्या पश्चिमेला, देशाच्या जेमतेम पाव भागात राहतात. पलीकडची सगळी जागा रिकामी मात्र समजू नकोस. पूर्व सायबेरियातल्या याकुत्स्क शहराकडच्या साखा लोकांची भाषा तुर्की कुळातली आहे, आणि व्होल्गा नदीच्या खालच्या अंगाला काल्मिकिया हा बौद्ध परंपरेचा प्रदेश चक्क युरोपात आहे. 'रशियन लोक असे असतात' असं वाक्य बोलू नकोस.

रेल्वेची गोष्ट बडोद्यात नक्की आवडेल, इथे निम्म्या घरांत कुणी ना कुणी रेल्वेत असतं. मॉस्को ते व्लादिवोस्तोक लोहमार्ग ९,२८९ किलोमीटरचा. देशात ११ कालविभाग, पण २०१८च्या जुलैअखेरपर्यंत देशभरच्या गाड्यांचं वेळापत्रक मॉस्कोच्या वेळेनुसार छापलं जायचं. व्लादिवोस्तोक सात तास पुढे. तिथे संध्याकाळी सातला सुटणाऱ्या गाडीच्या तिकिटावर दुपारचे बारा! एका गाडीला इतके कालविभाग ओलांडायचे असतील तर चालकापासून स्टेशनमास्तरपर्यंत सगळ्यांचं घड्याळ एक असणंच सुरक्षित, हा त्यामागचा विचार. १ ऑगस्ट २०१८पासून तिकिटावर स्थानिक वेळ आली.

आता याकुत्स्क. तुझ्या यादीत त्यावर एकच ओळ आहे, 'जगातलं सर्वांत थंड शहर'. माझं ऐकशील तर निम्मं भाषण इथे खर्च कर. १८२८मध्ये एका व्यापारी कंपनीत काम करणाऱ्या फ्योदर शेर्गिन नावाच्या माणसाने तिथे पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. गोठलेली माती लागली. खाली ओली माती लागेल या आशेने तो खणत राहिला. १८३७पर्यंत ११६ मीटर खोल गेला, तरी जमीन गोठलेलीच. पाणी नाहीच लागलं. पण पुढे मिडेनडॉर्फ या संशोधकाने त्याच विहिरीत उतरत्या खोलीवर तापमानं मोजली आणि कायम गोठलेल्या जमिनीचा शास्त्रीय अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला. फसलेल्या विहिरीतून एक विद्याशाखा उभी राहिली, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

आणि इतकी खोल का गोठली? लोकांना वाटतं तिथे हिमयुगात बर्फाचे डोंगर असतील. उलट आहे. पूर्व सायबेरिया इतका कोरडा होता की मोठी हिमचादर तिथे साचलीच नाही. वर पांघरूण नसलेली जमीन हजारो वर्षं थेट थंडीत उघडी राहिली आणि खोल खोल गोठत गेली. आजही रशियाची जवळपास दोन तृतीयांश भूमी अशी आहे. म्हणून याकुत्स्कच्या इमारती खांबांवर, जमिनीपासून उचलून बांधतात. घराची ऊब खाली उतरली तर माती वितळेल आणि घर खचेल, तेव्हा मधून गार वारा खेळता ठेवायचा. नळांचे पाइपही जमिनीवरून नेलेले असतात. वर्खोयान्स्क तिथून उत्तरेला. हिवाळ्यात उणे ६७ अंशांखाली गेलेलं ते गाव २० जून २०२०ला ३८ अंशांवर पोहोचलं, आणि जागतिक हवामान संघटनेने आर्क्टिकमधला उच्चांक म्हणून त्याची नोंद केली. एकाच गावात शंभर अंशांहून मोठा फरक! समुद्राची ऊब तिथवर पोहोचत नाही, हिवाळ्यात जड गार हवा दरीत तुंबून बसते, आणि उन्हाळ्यात सूर्य काही आठवडे मावळतच नाही. जमीन वितळू लागली तर त्या खांबांवरच्या घरांचं काय होईल, हा प्रश्न तू श्रोत्यांसमोर ठेवच. मला त्या लोकांची खरोखर काळजी वाटते.

ओब, येनिसेई, लेना या तिन्ही नद्या उत्तरेकडे वाहतात, हेही तू लिहिलं आहेस आणि तिथेच थांबली आहेस. पुढे जा. बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर येणार का हे आपण वरच्या बाजूवरून ओळखतो: पावागढला पाऊस किती पडला, आजव्याच्या तलावाची पातळी किती. सायबेरियात धोका खालच्या बाजूला असतो. वसंतात दक्षिणेकडचा, म्हणजे उगमाकडचा बर्फ आधी वितळतो, पण मुखाकडे नदी अजून गोठलेलीच असते. येणारं पाणी आणि हिमखंड तिथे अडतात, आणि नदी मागे फुगत गावात शिरते. मे २००१मध्ये लेनाकाठचं लेन्स्क शहर असंच बुडालं. बर्फाचा बांध फोडायला विमानांतून बॉम्ब टाकावे लागले. ज्यांनी घरात गुडघाभर पाणी पाहिलंय त्या आपल्या लोकांना हे सांगताना तुला वेगळं काही रंगवावं लागणार नाही.

बेरिंगच्या सामुद्रधुनीतल्या डायोमीड बेटांची गोष्ट दोन वाक्यांत आटप. रशिया आणि अमेरिका तिथे चारेक किलोमीटरवर, मधून वाररेषा, म्हणजे जिथे तारीख बदलते ती रेषा, जाते, एवढं पुरे. सैबेरियन क्रौंच मात्र घे. ओब नदीच्या खोऱ्यातून ते हिवाळ्यात भरतपूरला यायचे. २००२नंतर तिथे दिसलेले नाहीत. वाटेत झालेली शिकार आणि आटत गेलेल्या पाणथळी, दोन्हींनी त्यांचा घात केला.

शेवटी जुन्नर. हे तुझ्या यादीत नाहीच, म्हणून मुद्दाम लिहिते. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८मध्ये. त्याच्या सुमारे तीस वर्षं आधी रशियातल्या त्वेर शहराचा अफनासी निकितिन हा व्यापारी होर्मुझहून जहाजाने आपल्या चौलला उतरला. विकायला बरोबर एक घोडा आणला होता. वाटेत व्होल्गाकाठच्या अस्त्राखानजवळ लुटला गेलेला, कर्जात बुडालेला माणूस. चौलहून तो जुन्नरला आला आणि पावसाळा तिथे काढला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं त्याने टिपून ठेवलंय. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो, वर हजार मोहरा देतो, असं सांगितलं. चार दिवसांची मुदत. तेवढ्यात इराणकडच्या खोरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. मग निकितिन बिदरला गेला, श्रीशैलच्या शिवरात्रीची यात्रा पाहिली, दाभोळहून परत निघाला, आणि घरी पोहोचण्याआधी स्मोलेन्स्कच्या वाटेवर वारला. त्याची टिपणं व्यापाऱ्यांनी मॉस्कोला पोहोचवली. चौलशेजारच्या रेवदंड्याला त्याच्या नावाचा स्मृतिस्तंभ आहे.

भाषण याच माणसापासून सुरू कर. आपल्या सभागृहात कोकणातले, जुन्नरकडचे लोक बसलेले असतील. त्यांना त्वेरपासून चौलपर्यंतची वाट पृथ्वीगोलावर बोटाने दाखव आणि मग बोट उलट फिरवून त्यांना रशियात ने.

कोणी युक्रेनबद्दल विचारेल. टाळू नकोस. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली, हे सरळ सांग, आणि जिथवर तुझं वाचन आहे तिथवरच बोल.

नवी यादी झाली की घेऊन ये. येताना मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन मोठा ॲटलास चाळ आणि तिन्ही नद्यांची मुखं पेन्सिलीने वहीत उतरवून आण. आईला नमस्कार सांग.

तुझ्या
बाई