वडिलांच्या डीटीपी सेंटरमधल्या पेंटियम थ्रीवर डॉस, विंडोज ९८, विंडोज २००० आणि लिनक्स एकत्र नांदतील का?

तुम्ही लिहिलंय की परभणीला वडिलांचं डीटीपी सेंटर होतं. तिथला पेंटियम थ्री माळ्यावरून खाली काढलाय, २० जीबीची डिस्क आहे, २५६ एमबी रॅम आहे आणि आत त्यांच्या मराठी फायली आहेत. या चारही सिस्टिम एकाच डिस्कवर टाकाव्यात, की नव्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आतच सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर) करून भागेल, असा तुमचा प्रश्न आहे.

चारही नांदतात. लातूरला गंजगोलाईजवळ माझं दुकान होतं, तिथला असाच एक सीपीयू आजही माझ्याकडे चालू आहे. पण तुम्ही तो अजून चालू केला नसेल तर आज करूच नका. आधी झाकण उघडा. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ हीटसिंकच्या पात्यांमध्ये घोंगडीसारखी बसते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. मग मदरबोर्डवरचे कपॅसिटर नीट बघा. त्या काळातल्या कितीतरी बोर्डांवर खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर लागले होते. डोकं फुगलेलं किंवा बुडाशी तपकिरी डाग असलेला एकही दिसला तर तो बदलून घेतल्याशिवाय करंट देऊ नका. सीआर २०३२ सेल नवा टाका, वीस-तीस रुपयांचं काम आहे. आणि डिस्क बाहेर काढा.

ही डिस्क म्हणजे तुमच्या वडिलांचं काम आहे, तिच्यावर प्रयोग करायचा नाही. आयडीई (जुन्या डिस्कची रुंद पट्टीची जोडणी) ते यूएसबी अडॅप्टर लावून लॅपटॉपवर लिनक्समधून डीडीरेस्क्यूने तिची पूर्ण नक्कल घ्या, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत. २० जीबी आज साध्या पेनड्राइव्हवर मावतात. नक्कल दोन ठिकाणी ठेवा आणि मूळ डिस्क कपाटात. पुढचं सगळं दुसऱ्या डिस्कवर, किंवा आयडीई अडॅप्टरमध्ये बसवलेल्या कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डवर करा. हे कार्ड आयडीईचीच भाषा बोलतं, त्यामुळे वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फक्त स्वतःची ओळख फिक्स्ड डिस्क अशी देणारं कार्ड घ्या. रिमूव्हेबल म्हणून ओळख देणाऱ्या कार्डावर पार्टिशन, म्हणजे डिस्कचे वेगवेगळे भाग, करताना विंडोज त्रास देतं. आकार ३२ जीबीच्या वर नको, १९९९ च्या सुमारासचे काही बायॉस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) त्यापुढे अडकून बसतात.

आता चार सिस्टिम कशाला, ते सांगतो. हौस म्हणून करत असाल तरी हरकत नाही, पण तुमच्या बाबतीत खरं कारण मराठी आहे. आपल्या मराठीने कॉम्प्युटरवर तीन वेगवेगळी घरं केली.

पहिलं घर डॉसचं. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड आयएसए स्लॉटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या जुन्या पद्धतीच्या खाचेत, बसवलं की काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. मजकूर इस्कीमध्ये साठायचा. ही भारतीय मानक ब्यूरोची १९९१ ची संकेतप्रणाली, आयएस १३१९४. इंग्रजी अक्षरं जागच्या जागी ठेवून वरचे १२८ आकडे भारतीय लिप्यांना दिलेले. मला ही पद्धत आजही आवडते, कारण तिच्यात ‘क’ म्हणजे ‘क’ असतो, मग तो कोणत्याही फॉन्टमध्ये छापा.

दुसरं घर विंडोज ९५ आणि ९८ चं, आणि सगळ्यात जास्त माल तिथेच अडकलाय. श्रीलिपी, आकृती अशा पॅकेजमध्ये फाईलीत अक्षर साठत नव्हतं, अक्षराचा आकार साठायचा. काना वेगळा, अर्धा ‘त’ वेगळा, रफार वेगळा, आणि प्रत्येक कंपनीचा क्रम निराळा. फॉन्ट नसेल तर स्क्रीनवर नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. लग्नपत्रिका, साप्ताहिकं, दिवाळी अंक, सोसायट्यांचे अहवाल, सगळं पेजमेकरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, असंच पडून आहे. शिवाय बऱ्याच पॅकेजना पॅरलल पोर्टवर, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या जोडणीवर, चोरून नक्कल रोखणारं लॉक लागायचं. ते लॉक नसेल तर पॅकेज उघडायचंच नाही. वडिलांच्या ड्रॉवरमध्ये प्रिंटरच्या पिनेसारखा एक जाडसर तुकडा सापडला, तर तो जपून ठेवा.

तिसरं घर युनिकोडचं, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या सामाईक संकेतप्रणालीचं. देवनागरीला युनिकोडमधून नीट आधार देणारं मायक्रोसॉफ्टचं पहिलं विंडोज म्हणजे २०००. मंगल फॉन्ट त्यातच आला. आणि लिनक्स लागतं ते जुन्या घरांतला माल बाहेर काढायला.

व्हर्च्युअल मशीनचं उत्तर यातच आहे. फायलींना लॉकवालं पॅकेज लागत नसेल, नुसता फॉन्ट आणि पेजमेकर पुरत असेल, तर लॅपटॉपवर करा, सोपं पडेल. पण लॉक असेल तर आजच्या लॅपटॉपला पॅरलल पोर्टच नाही, आणि जिस्ट कार्डाला आयएसए स्लॉट नाही. ४४० बीएक्स चिपसेटच्या बोर्डांवर तो स्लॉट बहुतेक असतो. तुमचा बोर्ड त्यातला निघाला तर हा सीपीयू तुमच्यासाठी फार मोलाचा आहे.

आता मांडणी. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यात ४४६ बाइट बूट कोडचे (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम), ६४ बाइट पार्टिशन टेबलचे, शेवटच्या दोन बाइटची सही. त्या ६४ बाइटमध्ये फक्त चार नोंदी मावतात. हा डिस्कचा सातबारा समजा. अडचण अशी की प्रत्येक सिस्टिमला वाटतं, सगळं रान आपल्याच नावावर आहे. विंडोज ९८ टाकताना आधीच्या कुणाचाही बूट कोड न विचारता पुसला जातो. म्हणून क्रम जुन्यापासून नव्याकडे: डॉस, ९८, २०००, शेवटी लिनक्स. हा क्रम उलटा केलात तर दुरुस्ती करत बसावं लागेल.

डॉस ६.२२ ला सुरुवातीची ५०० एमबी द्या, प्रायमरी (म्हणजे टेबलच्या चार नोंदींपैकी एक), फॅट १६ (डिस्कवर फायली मांडायची पद्धत; पुढची फॅट ३२ आणि एनटीएफएस याही तशाच पद्धती). डॉस २ जीबीपर्यंत घेतं, पण तेवढं दिलं तर क्लस्टर, म्हणजे फाईलीला मिळणारा जागेचा सगळ्यात लहान तुकडा, ३२ केबीचा होतो आणि चार ओळींचं पत्रसुद्धा ३२ केबी अडवतं. ५०० एमबीत तो ८ केबीच राहतो. मग दुसरं प्रायमरी फॅट ३२ चं, ४ जीबी, विंडोज ९८ साठी. उरलेल्यात एक्स्टेंडेड, म्हणजे आत आणखी भाग (लॉजिकल पार्टिशन) करता येतात असं एक पार्टिशन, आणि त्यात आधी ६ जीबीचं सामाईक फॅट ३२, मग विंडोज २००० चं एनटीएफएस, मग लिनक्स. सामाईक पार्टिशन एनटीएफएसच्या आधी ठेवायचं कारण ड्राइव्हची अक्षरं. ९८ ला एनटीएफएस दिसत नाही, पण सामाईक भाग पहिला असला की तो ९८ मध्येही डी आणि २००० मध्येही डी. पेजमेकर चित्रांचा पत्ता ड्राइव्हच्या अक्षरासकट लक्षात ठेवतं, त्यामुळे अक्षर बदललं की फोटो शोधत बसावं लागतं.

९८ टाकण्याआधी डॉसचं पार्टिशन लपवा. लपवणं म्हणजे टेबलमधला प्रकाराचा आकडा बदलणं, ०६ चा १६ करणं, एवढंच. फायलींना धक्का लागत नाही. पुढे हेच काम जुना ग्रब, म्हणजे कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणारा लिनक्ससोबतचा प्रोग्रॅम, दर बूटला करतो. त्याच्या मेनूत प्रत्येक नोंदीखाली हाइड, अनहाइड आणि मेकअॅक्टिव्ह लिहून ठेवा. म्हणजे डॉस चालू असताना ९८ झाकलेलं आणि ९८ चालू असताना डॉस झाकलेलं. हे मी आग्रहाने सांगतो, कारण डॉस ६.२२ च्या डीफ्रॅगसारख्या हत्यारांना लांब फाईलनावं कळत नाहीत. फॅट १६ वर ९८ ने ठेवलेली नावं ती मोडून टाकतात. विंडोज २००० टाकताना ९८ चं पार्टिशन अॅक्टिव्ह ठेवा. २००० स्वतःचा एनटीलोडर (विंडोज सुरू करणारा प्रोग्रॅम) तिथे ठेवतं, ९८ चा बूट सेक्टर एका फाईलीत बाजूला काढतं आणि मेनूत दोघांना जागा देतं. म्हणजे ग्रबमधून तुम्ही डॉस, विंडोज आणि लिनक्स निवडणार, आणि विंडोज निवडलं की आत दुसरा मेनू.

रॅम वाढवायचा मोह होईल. ५१२ एमबीच्या वर जाऊ नका, विंडोज ९८ ची कॅशे (डिस्कवरचा मजकूर रॅममध्ये हाताशी ठेवायची सोय) तिथे गडबडते. तुमचे २५६ पुरे आहेत.

लिनक्सची एक अडचण आधीच सांगतो. पेंटियम थ्रीमध्ये एसएसई २ नाही, त्या सूचना पेंटियम ४ पासून आल्या. आजचे ब्राउझर त्यावर चालणार नाहीत, आणि डेबियन या लिनक्सने २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलरच काढून टाकला. त्यामुळे जुनी आवृत्ती घ्या आणि या मशीनला इंटरनेट जोडूच नका.

सगळं बसलं की पहिल्या सेक्टरची नक्कल फ्लॉपीवर काढून ठेवा. पण तेवढ्याने निर्धास्त होऊ नका. लॉजिकल पार्टिशनच्या नोंदी त्या सेक्टरमध्ये नसतात, त्या पुढे साखळीने ठेवलेल्या असतात. म्हणून पूर्ण पार्टिशन टेबल हाताने वहीत उतरवा: प्रत्येकाची सुरुवात, शेवट आणि प्रकार. सोबत बायॉसमध्ये डिस्कचा मोड, म्हणजे डिस्कवरची जागा मोजायची पद्धत, काय आहे, तेही.

त्या शेवटच्या ओळीमागे एक आठवण आहे. लोडशेडिंगचे दिवस होते, दिवसातून कितीदा लाईट जायची. सेल मेलेला, म्हणून प्रत्येक वेळी बायॉस कोरा व्हायचा. एका संध्याकाळी घाईत मी डिस्कचा मोड एलबीएऐवजी लार्ज केला. त्यानंतर ९८ उठेना, डॉसला ड्राइव्ह वाचता येईना. दुकानात बसलेले दोघे म्हणाले, डिस्क गेली, फॉरमॅट मारा. पार्टिशन नव्याने पाडणाऱ्या एफडिस्कची फ्लॉपी मी ड्राइव्हमध्ये घातलीसुद्धा होती. तेवढ्यात लाईट गेली. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी बायॉस उघडला, मोड एलबीए केला आणि सगळं जसंच्या तसं परत आलं. डिस्क तीच होती, फक्त मोजण्याची पट्टी बदलली होती. त्या डिस्कवर १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला निघालेली एका गावाची स्मरणिका होती. रझाकारांचे दिवस पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती होत्या तिच्यात. छापील प्रतींना पुढे वाळवी लागली, आणि मुलाखती देणारं आज कुणी राहिलेलं नाही.

ती स्मरणिका मी कशी बाहेर काढली ते सांगतो, तुम्हालाही तेच करायचंय. ९८ मध्ये लॉक लावून पॅकेज सुरू केलं, पेजमेकर ६.५ मध्ये फाईल उघडली, पोस्टस्क्रिप्ट (छपाईच्या पानाचं वर्णन करणारी भाषा) प्रिंटरचा ड्रायव्हर टाकला आणि पोर्टच्या जागी फाईल निवडली. पानं कागदाऐवजी डी ड्राइव्हवर फाईल म्हणून पडली. मग लिनक्समध्ये येऊन घोस्टस्क्रिप्टने तिची पीडीएफ केली. पान हुबेहूब आलं, जुन्या बॉर्डरसकट. डॉसमधल्या इस्कीच्या फायली लिनक्समधूनच उचला, त्याला लपवलेलं पार्टिशनही वाचता येतं. आयसीयू या युनिकोडच्या सॉफ्टवेअरमधल्या युकॉन्व्ह प्रोग्रॅमने इस्कीचं थेट युनिकोड होतं. श्रीलिपीसारख्या मजकुराला तसा सरळ रस्ता नाही, तिथे फॉन्टप्रमाणे रूपांतराचा तक्ता लागतो आणि रफार, वेलांटी नंतर डोळ्यांनी तपासावी लागते. म्हणून आधी सगळ्याची पीडीएफ करून घ्या, मजकुराचं रूपांतर नंतर सावकाश.

पेजमेकरची फाईल उघडताना फॉन्ट नसल्याची खिडकी येईल. त्यात हव्या असलेल्या फॉन्टचं नाव असतं. ते नाव इथे खाली लिहा, म्हणजे तक्ता कुठला लागेल ते बघून सांगतो.